उरलेले कोणाचे? : रायगडच्या किनाऱ्यावरील जैवइंधनाचा हिशोब

केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या हिशोबाप्रमाणे भारतात दरवर्षी सुमारे ७५ कोटी टन जैवभार उपलब्ध असतो. त्यातला सुमारे २३ कोटी टन शेतीचा अवशेष 'अतिरिक्त' आहे आणि त्यातून २८ हजार मेगावॅट वीज होऊ शकते. जैवभारापासून ऊर्जा मिळवण्याचे बहुतेक आराखडे याच आकड्यापासून सुरू होतात. पुढे मग गोळा करण्याचा खर्च, वाहतुकीचे अंतर, गोदामे, गोळ्या किंवा विटा दाबण्याची यंत्रे आणि शेवटी बॉयलरचे तोंड अशी साखळी काढलेली असते. तिला 'शाश्वत पुरवठा साखळी' म्हणतात. साखळीच्या मधल्या कड्यांवर अभ्यासकांनी खूप मेहनत घेतलेली आहे. पहिली कडी मात्र एका विशेषणावर टांगलेली आहे आणि ते विशेषण कोणी तपासत नाही. 'अतिरिक्त' म्हणजे कोणाला अतिरिक्त?

हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावर उभे राहून विचारला, तर उत्तर पंजाबपेक्षा वेगळे येते. इथला भात खरिपाचा, एकहाती पावसावरचा. खाचरे लहान, बांध आडवेतिडवे, खाडीलगतच्या खारजमिनीत तर वाटही बांधावरूनच. कापणी अजून बऱ्याच ठिकाणी विळ्याने होते. भारे बांधून खळ्यावर येतात, झोडणी होते, दाणा एकीकडे आणि पेंढा दुसरीकडे होतो. म्हणजे पेंढा शेतात पडून राहत नाही, माणसाच्या हातून फिरत घराजवळ येतो आणि उडवीत रचला जातो. तो बैलाला आणि म्हशीला लागतो. आंब्याच्या पेटीत फळाखाली लागतो. पेणहून गणपती परगावी निघतात तेव्हा मूर्तीच्या अंगाभोवती लागतो. पूर्वी याच पेंढ्याच्या मुड्या वळून त्यांत तांदूळ भरून ठेवत. उरलासुरला, पालापाचोळा आणि शेणासोबत, उन्हाळ्याच्या शेवटी राबासाठी जमिनीवर पसरला जातो. मंत्रालयाच्या तक्त्यात यातले काही उपयोग 'चारा' या रकान्यात वजा होतात. बाकीच्यांना रकाना नाही, म्हणून ते अतिरिक्त ठरतात.

थोडा हिशोब मांडून पाहू. जिल्ह्यात भाताखाली सुमारे १ लाख हेक्टर क्षेत्र आहे. हेक्टरी ३ टन पेंढा धरला, तर साऱ्या जिल्ह्याचा मिळून ३ लाख टन होतो. पेंढ्याचा उष्मांक किलोला ३३०० किलोकॅलरीच्या आसपास आणि लहान वीजकेंद्राची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर १ युनिट विजेला साधारण १ किलो पेंढा जळतो. १० मेगावॅटचे केंद्र वर्षाला ७००० तास चालवायचे, तर ७० हजार टन लागतील. म्हणजे जिल्ह्यातला जवळजवळ चौथा हिस्सा पेंढा एका लहानशा केंद्राच्या पोटात जाईल, आणि तोही गुरांनी तोंड लावण्याआधी.

आता खाडीपलीकडे पाहू. तुर्भ्याला टाटांच्या औष्णिक केंद्रात कोळशावर चालणारे ५०० आणि २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. ते वर्षातला ऐंशी टक्के काळ चालले आणि युनिटला अर्धा किलो कोळसा लागला असे धरले, तर २६ लाख टन कोळसा होतो. ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांना कोळशात वजनाच्या ५ टक्के जैवभार मिसळण्याचे बंधन ऑक्टोबर २०२१च्या धोरणात घातले आणि २०२३ साली त्याच्या तारखा बदलून २०२४-२५ पासून ५ टक्के आणि पुढच्या वर्षापासून ७ टक्के अशी चढण ठेवली. या एका केंद्राचे ५ टक्के म्हणजे १ लाख ३० हजार टन. गोळ्या करण्यापूर्वीची ओल आणि नासधूस धरली तर रायगडचा अर्धा पेंढा. ही माझी मोजणी ढोबळ आहे, पण तिच्यात कितीही फेरफार केला तरी तिच्यामागचे प्रमाण बदलत नाही. एका बाजूला शहराची भूक आहे, दुसऱ्या बाजूला उडव्या आहेत, आणि मध्ये फक्त एक खाडी आहे.

हे बंधन आणि त्याच्यासोबतचे 'समर्थ' अभियान ज्या प्रश्नातून जन्मले तो प्रश्न उत्तरेचा आहे. पंजाब-हरियाणात कम्बाईन हार्वेस्टर भात कापतो आणि खोड शेतात उभे सोडतो. गव्हाची पेरणी तोंडावर असते, म्हणून शेतकरी काडी पेटवतो आणि दिल्लीचा श्वास कोंडतो. तिथे अवशेष खरोखरच अडचण आहे आणि तो उचलून नेणारा देवदूत आहे. त्या परिस्थितीसाठी शिवलेला सदरा साऱ्या देशाला घालायचा, तर कोकणाच्या अंगाला तो कसा बसतो हे तरी पाहायला हवे होते.

खरे म्हणजे जैवभार गोळा करून शहराला पुरवण्याची साखळी या किनाऱ्याला नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात ती इतकी पक्की होती की आजच्या नियोजकाला हेवा वाटावा. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड कुलाबा आणि जंजिऱ्याचा आहे. त्यात या जिल्ह्यातून मुंबईकडे जाणाऱ्या मालात भाताच्या आणि मिठाच्या जोडीला लाकूड येते. पनवेल, पेण, नागोठणे, रोहे, रेवदंडा ही सगळी खाडीमुखाची किंवा खाडीच्या पोटातली बंदरे. भरतीला गलबत आत यायचे, ओहोटीला भरून बाहेर पडायचे. इंधनाच्या वाहतुकीला इंधन लागत नव्हते, वारा आणि चंद्र पुरत होते. आजच्या प्रतिमानांत वाहतुकीचे अंतर ५० किलोमीटरच्या पुढे गेले की पेंढा परवडत नाही असे दिसते, कारण सुटा पेंढा घनमीटरला १०० किलोही भरत नाही आणि ट्रक हवा वाहून नेतो. गलबताला ती अडचण कमी होती.

आणि गवत! मुंबईत १८७४ साली ट्राम आली ती घोड्यांची. विजेची ट्राम १९०७ची. मधली तेहतीस वर्षे, आणि व्हिक्टोरिया गाड्यांच्या रूपाने पुढेही किती तरी वर्षे, शहराची वाहतूक गवतावर चालत होती. गोठ्यातल्या म्हशींचे दूध गवतावर चालत होते. कुलाबा आणि ठाण्याच्या माळांवरचे गवत म्हणजे त्या काळचे पेट्रोल. ऊर्जेच्या इतिहासाचे आपले लेखन कोळसा आणि वाफेपासून सुरू होते, म्हणून हे इंधन त्यात दिसत नाही.

या साखळीच्या पहिल्या कडीवर कोण होते हे पाहिले की हेवा ओसरतो. ठाण्याच्या वारल्यांनी १९४५ साली जो संप केला तो गवतकापणीच्या दरासाठी होता. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही मागणी. त्या वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मुळे मराठी वाचकाला तो लढा माहीत आहे, पण आपण तो वेठबिगारीचा आणि जमीनदारीचा इतिहास म्हणून वाचतो. तो शहराला इंधन पुरवणाऱ्या साखळीतल्या मजुरीचाही इतिहास आहे.

रायगडात ही जागा कातकऱ्यांची होती. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी किंवा काथोडी. १८७८च्या वनकायद्यानंतर खैर सरकारी झाला आणि काताची भट्टी गुन्हा ठरू लागली. ज्यांना लाकूड ओळखता येते, पेटवता येते आणि योग्य क्षणी विझवता येते, अशा हातांना मग कोळशाच्या व्यापाऱ्याने उचलले. मातीच्या भट्टीत ५-६ किलो लाकूड घालावे तेव्हा १ किलो कोळसा निघतो. भट्टीला भेग पडली तर सारी राख. म्हणून रात्ररात्र जागून धूर कोणत्या रंगाचा येतो ते पाहत बसावे लागते. हे कौशल्य होते, पण त्याचा मोबदला उचलीत बांधलेला होता. पावसाळ्यात तांदळासाठी आणि सणाला घेतलेली उचल दिवाळीनंतर अख्ख्या कुटुंबाने भट्टीवर जाऊन फेडायची आणि पावसाच्या तोंडाशी परतताना पुन्हा अंगावर काही राहिलेलेच असायचे. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. उचल गेली नाही, कोळशाच्या भट्टीवरून वीटभट्टीवर गेली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई पडली तेव्हा मोटारी लाकडी कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. जैवइंधनाच्या इतिहासात ही गोष्ट हुशारीचा नमुना म्हणून सांगतात. कोळसा कोणाच्या भट्टीतला हे सांगत नाहीत.

राबाचे प्रकरणही याच कुळातले. आवणासाठी राखलेल्या तुकड्यावर ऐनाच्या डहाळ्या, पाला, शेण, गवत पसरून पावसाआधी जाळायचे, म्हणजे तणाचे बी मरते आणि रोप जोमाने उठते. वनखात्याच्या लेखी ही झाडांची नासाडी होती, शेतकऱ्याच्या लेखी भाताची पहिली पायरी. फांद्या तोडण्यावर बंधने आली तशा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी उठल्या की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा. म्हणजे 'हा जैवभार कोणाचा' हा वाद या जिल्ह्यात सव्वाशे वर्षांहून जुना आहे आणि त्याची सरकारी कागदपत्रे छापलेली आहेत. आजच्या ऊर्जा-आराखड्यांच्या संदर्भसूचीत ती कधी दिसत नाहीत. पुढे २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला, गोळ्या चालल्या, आणि हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होते. सत्याग्रहाचे शस्त्र होते कोयता आणि कृती होती लाकूड तोडणे. मिठासारखेच सरपणही राज्यसत्तेचा प्रश्न झाले होते.

आता नियोजनशास्त्राकडे वळू. या शास्त्रात गेल्या दोन दशकांत मोठी झेप झाली आहे हे नाकारण्याचे कारण नाही. केंद्र कुठे उभारावे, संकलनाची गोदामे किती, कोणत्या महिन्यात कोणता माल कुठून आणावा, हे गणिती प्रतिमानाने सोडवता येते. पूर्वी फक्त खर्च कमी करायचे उद्दिष्ट असे. मग कार्बन उत्सर्जन कमी करणे हे दुसरे उद्दिष्ट आले आणि 'शाश्वत' या शब्दाला पूर्णत्व यावे म्हणून तिसरे, सामाजिक. फेंगची यू आणि सहकाऱ्यांचा २०१२ सालचा अमेरिकेतल्या इलिनॉयवरचा अभ्यास या पद्धतीचा वारंवार उल्लेखिला जाणारा नमुना आहे. त्यात सामाजिक बाजू मोजली आहे ती निर्माण होणाऱ्या रोजगारांच्या संख्येने. इलिनॉयमध्ये हे कदाचित चालून जाईल. तिथे शेतकरी ट्रॅक्टरवर बसून गठ्ठे बांधतो आणि त्याला वीजकंपनीशी करार करता येतो. पण हेच माप रायगडला लावा. कोळशाच्या भट्टीने किती रोजगार निर्माण केले? भरपूर. नवरा, बायको, आजी आणि दहा वर्षांचे पोर. उचलीवर चालणारी साखळी या मापाने सर्वाधिक गुण मिळवील, कारण ती कमी पैशात जास्त माणसे राबवते. खर्च कमी, कार्बन कमी, रोजगार जास्त : तिन्ही उद्दिष्टे साधणारा तो आदर्श बिंदू असेल. प्रतिमान चुकलेले नसते. त्याला विचारलेला प्रश्नच असा असतो की वेठ आणि काम यांत त्याला फरक कळू नये.

आपल्याकडचे काम याहून शहाणे आहे का? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी उसाचे पाचट जाळणाऱ्या गॅसिफायरवर वर्षानुवर्षे काम केले आणि नव्वदच्या दशकात तालुका हा ऊर्जेचा स्वयंपूर्ण घटक मानावा अशी मांडणी केली. मला ही कल्पना आजही मोलाची वाटते, कारण तीत इंधन जिथे उगवते तिथेच वीज वापरली जाते आणि साखळी आखूड राहते. तिची मर्यादा फलटणच्या मातीत आहे. तो पाटपाण्याचा, उसाचा तालुका. ऊस स्वतःच्या पायांनी कारखान्यावर येतो असे म्हटले तरी चालेल, कारण साखरेसाठी त्याची तोडणी-वाहतूक आधीच झालेली असते आणि वजनाच्या २८-३० टक्के बगॅस बॉयलरच्या दारात फुकट पडतो. महाराष्ट्रातली सहवीजनिर्मिती यशस्वी झाली ती यामुळे. (त्या यशामागच्या ऊसतोडणी कामगाराची उचल ही पुन्हा तीच गोष्ट आहे, पण ती वेगळ्या लेखाची.) रायगडात साखर कारखाना नाही. इथे आपोआप गोळा होणारा अवशेष एकच, भाताच्या गिरणीतले तूस. भाताच्या वजनाचा पाचवा हिस्सा तूस असते. आणि ते कधीच अतिरिक्त नव्हते. पोह्याच्या भट्ट्या आणि वीटभट्ट्या ते आधीपासून घेतात. नवा आराखडा तूस घेईल तेव्हा वीटभट्टीवाला लाकडाकडे वळेल आणि ते लाकूड आराखड्याच्या हद्दीबाहेर, कुठल्या तरी खासगी डोंगरावरून येईल. कागदावर कार्बन वाचेल.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आज गावात गुरे कुठे राहिली आहेत? बैलाच्या जागी पॉवर टिलर आला, तरणी माणसे मुंबई-पनवेलला गेली, छपरावर पत्रा आला, घरात गॅस आला. पेंढा खरोखरच पडून राहतो, काही ठिकाणी जाळलाही जातो. मग तो नेला तर बिघडले कुठे? आक्षेप खरा आहे. पण हे 'अतिरिक्त' गावाच्या रिकामे होण्यातून आले आहे. माणसे आणि गुरे नाहीत म्हणून पेंढा उरतो, आणि माणसे नाहीत म्हणूनच तो गोळा करायलाही कोणी नाही. एकाच कारणाने माल उपलब्ध होतो आणि मजूर अनुपलब्ध होतो. पंजाबात ही जागा बेलर यंत्राने घेतली. पाच गुंठ्यांच्या खाचरात, बांध ओलांडत बेलर जाणार नाही. तेव्हा ज्यांना स्वतःची भातशेती नाही, ज्यांच्या दळी जमिनींचे दावे २००६च्या वनहक्क कायद्यानंतरही वर्षानुवर्षे फायलींत फिरत राहिले, त्याच वाड्यांकडे नवा मुकादम वळेल हे सांगायला ज्योतिषी नको.

तंत्राच्या अडचणी दोन-चार वाक्यांत सांगतो. भात कापतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बॉयलर बारा महिने पेटता हवा, आणि मध्ये कोकणचा पावसाळा आहे. माचावर रचलेली उडवी पाऊस झेलते, कारण ती लहान असते आणि रचणाऱ्याला पाणी कसे ओघळवायचे ते ठाऊक असते. सत्तर हजार टनांची उडवी कोणी रचलेली नाही. पेंढ्यात पोटॅश आणि क्लोरीन असते, बॉयलरच्या नळ्यांवर त्याचे थर बसतात आणि नळ्या झिजतात. खारजमिनीतल्या पिकाबाबत ही काळजी अधिकच घ्यावी लागेल.

या किनाऱ्याने एक परीक्षा अलीकडेच घेतली होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. ताशी १०० ते ११० किलोमीटरचा वारा. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या वाड्यांत नारळ, पोफळी, आंबे, फणस आडवे झाले. पिढ्यांनी लावलेले एका दुपारी जैवभार झाले. शाश्वत पुरवठ्याची एखादी साखळी जिल्ह्यात खरोखर असती, तर तिच्या दृष्टीने हा सुगीचा दिवस होता. प्रत्यक्षात आंब्या-फणसाच्या लाकडाला व्यापारी मिळाला. नारळाच्या खोडाला कोणी विचारीना. वीज नाही, रस्ते बंद, टाळेबंदी, आणि वर पाऊस. वाडी मोकळी करण्याचा खर्च वाडीवाल्याच्या डोक्यावर बसला. किनाऱ्याला ऊर्जेचा आराखडा द्यायचा असेल तर त्यात वादळाचे पान हवे : पडलेले खोड कापणारी आणि सुकवणारी लहान यंत्रे तालुक्याच्या ठिकाणी तयार असणे, आणि ती वाडीवाल्यांच्या सोसायटीच्या हाती असणे. वाडीत एरवीही जळण असतेच. झावळ्या, सोडणे, करवंट्या, पोफळीच्या विऱ्या वर्षभर गळतात, त्यांना पेंढ्यासारखा एकच हंगाम नाही, आणि घरोघरच्या बंबांची संख्या कमी झाल्याने त्या खरोखर उरू लागल्या आहेत. आराखडेकारांची नजर भातावर खिळल्यामुळे वाडी त्यांना दिसत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये शहरातल्या लाकडा-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. ज्या शहराने दीडशे वर्षे कुलाब्याचे लाकूड जाळले ते आता धुराला नको म्हणते, आणि त्याच सुमारास त्याच शहराच्या विजेत आमचा पेंढा मिसळण्याची गणिते चालू आहेत. यात विरोधाभास नाही. चुलीचा धूर शहराच्या नाकाशी येतो, खाडीपलीकडचे संकलन येत नाही.

जैवभाराच्या गोळ्यांचा आधारदर सरकारने प्रति हजार किलोकॅलरी असा बांधून दिला आहे. वीजकेंद्राला काय विकत मिळते हे त्यातून नेमके कळते. बांधावरून डोक्यावर भारा घेऊन सडकेपर्यंत येणाऱ्या बाईला त्यातले किती मिळायचे, हे त्या दरात कुठे नाही. ते ठरते मुकादमाच्या वहीत. १९४५ साली वारल्यांनी मागितलेला दर वजनाचा होता, ५०० पौंडांचा, आणि कापणाऱ्याला तो स्वतः मोजता येत होता. गिरणी, केंद्र आणि सोसायटी यांच्यात उद्या जो करार होईल त्याच्या पहिल्या पानावर असा मोजता येणारा दर, उचल न देण्याचे कलम आणि गावाच्या गुरांचा, राबाचा, पेटीचा पेंढा आधी वेगळा काढण्याची तरतूद छापावी लागेल. तोवर २३ कोटी टनांतून रायगडचा वाटा वजा करून ठेवावा.